ऑफसाइडचा लीस्ट काउंट

कोल्हापुरात ऑफसाइड सगळ्यांना कळतो, एकट्या लाइनमनला सोडून. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून मीही कित्येक वर्षं याच समजुतीत होतो. आपल्या पेठेचा फॉरवर्ड बॉल घेऊन सुटलाय, सगळं स्टेडियम उभं राहिलंय आणि कडेच्या माणसानं झेंडा वर केलाय म्हटल्यावर त्याच्या खानदानाचा उद्धार व्हायलाच हवा. तो आम्ही मनापासून करायचो. पुढे गुडघ्यानं खेळायचं बंद केलं, पण मैदान सुटेना, म्हणून पंचांच्या परीक्षेला बसलो. आता बहुतेक सामन्यांत मीच त्या कडेला झेंडा घेऊन उभा असतो. मित्रांना हे पटत नाही. "शिव्याच खायच्यात तर निदान शिट्टी तरी हातात ठेव की," असं त्यांचं म्हणणं.

पोटापाण्याला मी शिरोली एमआयडीसीत एका मशिनशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर. आमच्याकडे प्रत्येक मापनयंत्राला लीस्ट काउंट असतो, म्हणजे ते कमीत कमी किती फरक ओळखू शकतं ती मर्यादा. त्याच्या खालचं माप त्या यंत्रानं सांगूच नये. हे इथंच सांगून ठेवतो, कारण लाइनवर उभं राहायला लागल्यापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

कोर्सच्या पहिल्या तासाला सरांनी विचारलं, "ऑफसाइड म्हणजे काय?" वर्गातले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या तालमीच्या संघाकडून खेळलेले. एकमुखानं उत्तर आलं, शेवटच्या डिफेंडरच्या पुढं असणं. सरांनी फळ्यावर मोठ्ठं शून्य काढलं आणि म्हणाले, "हे तुमच्या उत्तराचे मार्क. आता वही उघडा."

नियमांच्या पुस्तकातला हा अकरावा नियम. त्याचं पहिलंच वाक्य असं की ऑफसाइड जागेवर असणं हा गुन्हा नाही. जागा ठरते ती अशी: खेळाडूचं डोकं, धड किंवा पाय यांतला कुठलाही भाग समोरच्या संघाच्या अर्ध्यात असला पाहिजे, आणि तो भाग बॉलपेक्षाही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यापेक्षाही पुढे असला पाहिजे. शेवटून दुसरा, शेवटचा नव्हे. बहुतेक वेळा शेवटचा गोलकीपर असतो म्हणून आपण डिफेंडर मोजतो. पण कीपर कॉर्नरसाठी पुढे गेला असेल आणि मागे एकच डिफेंडर उभा असेल, तर तो शेवटचा झाला, मग त्याच्या पुढचा कोण ते शोधा. समांतर असेल तर ऑफसाइड नाही. हे 1990 पासूनचं, त्याआधी समांतर म्हणजेही ऑफसाइडच. हात मोजायचे नाहीत, कीपरचेही नाहीत. हात कुठं सुरू होतो तर काखेच्या तळापासून. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिकवरून बॉल थेट मिळाला तर ऑफसाइड नाहीच. एवढं पाठ व्हायला फार वेळ लागला नाही. बॉलच्या मागे असलेला खेळाडू ऑफसाइड होऊच शकत नाही, हे मात्र अजूनही दर सामन्याला कुणाला तरी नव्यानं सांगावं लागतं.

लेखी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो असं म्हणतात, आणि आम्हाला आलाही. डिफेंडर गोललाइनच्या बाहेर पडलाय, तो मोजायचा का? उत्तर 2008 च्या युरो स्पर्धेतलं. नेदरलँड्स-इटली सामन्यात इटलीचा पानुच्ची स्वतःच्याच कीपरला धडकून गोललाइनबाहेर पडला होता, आणि रूड व्हान निस्टलरॉयनं आत एकटा असताना गोल केला. अर्ध्या जगानं ऑफसाइड ओरडलं. गोल बरोबर होता. बाहेर गेलेला डिफेंडर गोललाइनवर उभा आहे असं धरायचं. नाहीतर ऑफसाइड लावायला डिफेंडर मुद्दाम बाहेर पावलं टाकतील.

खरं शिक्षण वर्गाबाहेर झालं. मैदानावर सरांनी टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेला काटकोनात, एकाच सरळ रेषेत दोन कोन, म्हणजे सरावाचे शंकू, ठेवले, एक कडेपासून 10 मीटर आत आणि दुसरा 40 मीटर आत. एकेकाला बरोबर त्या रेषेत उभं केलं. मागचा कोन पुढच्याच्या आड गेला, दिसेनासा झाला. "आता गोलच्या बाजूला एक मीटर सरका." सरकलो आणि कोन सुटे झाले. लांबचा कोन गोलच्या बाजूला गेल्यासारखा दिसायला लागला. "लांबचा फॉरवर्ड, जवळचा डिफेंडर. दोघं समांतर आहेत हे तुमच्या डोळ्यांदेखत ठेवलंय. आता झेंडा द्याल की नाही?" कुणीही दिला असता. मग त्यांनी उलट्या बाजूला एक मीटर सरकवलं. आता जवळचा कोन पुढे दिसत होता. मी हिशेब केला: गोलच्या बाजूला एक मीटर पुढे उभं राहून 10 मीटरवरच्या कोनातून नजर नेली, तर 40 मीटरवर ती रेषा खऱ्या जागेपासून तीन मीटर मागे पडते. खेळाडू जागचे हललेले नाहीत, हललोय फक्त मी.

आम्सटरडॅमच्या काही संशोधकांनी 2000 साली 'नेचर'मध्ये हेच दाखवलं होतं. सहायक पंचांच्या, म्हणजे लाइनमनच्या, चुका बऱ्याच अंशी त्यांच्या उभं राहण्याच्या जागेतून येतात, त्यासाठी पक्षपाती असण्याची गरज नाही. गॅलरीतून हे कधी सुचलं नव्हतं. आम्ही तर चुकीच्या झेंड्यामागे थेट दुसऱ्या पेठेतला पाहुणेरावळाच शोधायचो.

म्हणून लाइनमनचं निम्मं काम पायांचं. शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत राहायचं, बॉल त्याच्याही पुढे गेला तर बॉलच्या रेषेत. तेही तोंड मैदानाकडे ठेवून. डिफेंडर हळूहळू वरखाली होत असतील तर खेकड्यासारखं आडवं सरकायचं, पळत सुटले तरच वळून पळायचं. आडवं सरकताना खांदे टचलाइनला समांतर राहतात, त्यामुळे रेषा मोडत नाही. "पळू नका, सरका," हे सरांचं वाक्य अजून कानात आहे. यासाठी फिटनेस चाचणीतही वेगळा प्रकार असतो, त्याला कोडा म्हणतात: 10 मीटर सरळ पळायचं, 8 मीटर आडवं एका बाजूला, 8 मीटर आडवं दुसऱ्या बाजूला, पुन्हा 10 मीटर सरळ. आयुष्यभर पुढे पळलेल्या माणसाला त्या 8 मीटरांत जांघा कुठं असतात ते पहिल्यांदा कळतं.

झेंड्याचंही एक शिस्तीचं तंत्र आहे. पळताना तो मैदानाच्या बाजूच्या हातात, पंचाला दिसेल असा. ऑफसाइड द्यायचा तर थांबायचं, उजव्या हातानं सरळ वर धरायचा आणि पंचाकडे बघायचं. शिट्टी झाली की मग जागा दाखवायची: पलीकडच्या बाजूला असेल तर तिरका वर, मध्यावर असेल तर आडवा, आपल्या बाजूला असेल तर तिरका खाली. हात बदलायचा तर कमरेखाली, नाहीतर फडफडणारा झेंडा बघून डिफेंडर थांबतात आणि गोल झाल्यावर आपल्याकडे धावत येतात.

आता डोळ्यांचं. नियम म्हणतो, सहकाऱ्यानं बॉलला पाय लावला त्या क्षणाची स्थिती बघा. बॉल पोचला त्या क्षणाची नव्हे. पास देणारा मध्यरेषेजवळ, डिफेंडरांची रेषा गोलपासून 18 यार्डांवर. एकाच वेळी दोन्हीकडे कसं बघणार? जुने लाइनमन सांगतात, डोळे रेषेवर ठेव आणि बुटाचा आवाज ऐक. सल्ला चांगला आहे, पण पुरता नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 50 मीटरवरून मारलेल्या लांब पासचा आवाज माझ्यापर्यंत यायला जवळजवळ सेकंदाचा सातवा भाग लागतो. तेवढ्यात काय होतं बघा. फॉरवर्ड गोलकडे सेकंदाला 7 मीटरनं सुटलाय, डिफेंडर त्याच वेगानं बाहेर येतोय. दोघांमधलं अंतर सेकंदाला 14 मीटरनं बदलतंय. सेकंदाच्या सातव्या भागात दोन मीटर. म्हणजे नुसत्या कानावर विसंबून निर्णय दिला, तर पास निघताना डिफेंडरच्या मीटरभर मागे असलेला पोरगा मला मीटरभर पुढे दिसतो.

त्यातून मेंदूचा स्वतःचा एक खोडसाळपणा आहे. अचानक घडलेल्या गोष्टीच्या क्षणी हलती वस्तू तो आहे त्यापेक्षा जरा पुढे दाखवतो. पळणारा फॉरवर्ड म्हणून मुळातच ऑफसाइड वाटतो. यावर अभ्यास झालेत, आणि आम्हाला त्यातून एकच व्यवहारी सूचना मिळाली: अगदी काठावरचं वाटलं तर झेंडा खाली. शंका आली तर फायदा आक्रमणाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही पळवाट वाटली होती. आता ती मला लीस्ट काउंटची कबुली वाटते. माणसाच्या डोळ्याला पळत्या सामन्यात अर्धा मीटर कळत असेल, तर त्याने 10 सेंटीमीटरचा निकाल द्यायला जाऊ नये.

लाइनवर स्वतः उभा राहीपर्यंत झेंडा न उचलता थांबणं किती अवघड असतं याची मला कल्पना नव्हती. एका शालेय स्पर्धेतला प्रसंग सांगतो. डिफेंडरांच्या मागे थ्रू बॉल पडला. नऊ नंबरचा पोरगा स्पष्ट ऑफसाइड, दोन पावलं तरी पुढे. पण डावीकडून मागून सुटलेला अकरा नंबर ऑनसाइड. बॉल दोघांच्या मध्ये. माझा हात झेंड्यासकट खाली, आणि पाठीमागून पालक सुरू: "ए झेंडा! वर कर की! झोपलास व्हय?" डिफेंडरांपैकी दोघं हात वर करून उभेच राहिले. नऊ नंबर दोन पावलं पळाला आणि थांबला, बॉल अकरानं घेतला, गोल झाला. मी मध्यरेषेकडे पळत सुटलो, गोल मान्य असल्याची खूण म्हणून. ते दोघं डिफेंडर माझ्याकडे आले, "सर, ऑफसाइड हाय की ओ त्यो!" होताच की. पण त्यानं बॉलला पाय लावला नव्हता, कुणाला आडवला नव्हता, कुणाशी झोंबला नव्हता. थांबून बघा, असं या तंत्राचं नावच आहे. अपवाद एकच: ऑफसाइड पोरगा आणि बाहेर आलेला कीपर एकमेकांवर आदळतील असं दिसलं, आणि दुसरा कुणी ऑनसाइड नाही, तर लगेच झेंडा. कुणाचं तरी डोकं फुटण्यापेक्षा ते बरं.

जागेचा प्रश्न सुटला की सहभागाचा प्रश्न उरतो आणि माझ्या मते खरी पंचगिरी तिथं आहे. ऑफसाइड जागेवरचा खेळाडू बॉल खेळला, किंवा प्रतिस्पर्ध्याला अडथळा झाला, किंवा खांबाला, डिफेंडरला लागून वा वाचवलेल्या शॉटवरून परत आलेल्या बॉलचा त्यानं फायदा घेतला, तरच गुन्हा. यातला अडथळा लाइनवरून सर्वांत कमी दिसतो. फॉरवर्ड कीपरच्या समोर उभा आहे हे मला दिसतं, पण कीपरच्या डोळ्यासमोरून त्यानं बॉल झाकला का हे मी बाजूनं कसं सांगू? ते मधल्या पंचाला दिसतं. उलट तो ऑफसाइड जागेवर होता का, हे पंचाला कळत नाही. दोघांकडे अर्धी अर्धी माहिती. मोठ्या सामन्यांत कानात यंत्रं असतात, आमच्याकडे नसतात. म्हणून ठरलेली खूण अशी की गोल झाला आणि मला सांगण्यासारखं काही असेल, तर मी मध्यरेषेकडे पळायचं नाही. जागीच उभा राहायचं. पंच बघतो, समजतो, माझ्याकडे येतो. ती अर्ध्या मिनिटाची बोलणी चालू असताना दोन्ही संघ आपल्याला वेढून उभे असतात आणि प्रत्येकाला आपलंच म्हणणं कानात सांगायचं असतं.

डिफेंडरचा पाय लागला की ऑफसाइड संपला, ही आणखी एक पक्की समजूत. नियम नुसता पाय लागण्यावर नसून मुद्दाम खेळण्यावर आहे. 2021 च्या युरोपातल्या नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या एम्बापेनं स्पेनवर विजयी गोल केला. पास सुटला तेव्हा तो ऑफसाइड जागेवर होता. स्पेनच्या एरिक गार्सियानं बॉल अडवायला पाय घातला, बॉल पायाला निसटता लागून पुढे गेला. त्यानं खेळायचा प्रयत्न केला म्हणजे तो मुद्दाम खेळला, असं धरून गोल दिला गेला. नियमाच्या अक्षराला धरून होतं, पण फुटबॉल खेळलेल्या कुणालाही ते रुचलं नाही. डिफेंडरनं चांगलं काम करायला जावं आणि त्यामुळेच फॉरवर्ड मोकळा व्हावा, हा कुठला न्याय? 2022 मध्ये नियम करणाऱ्यांनी खुलासा केला. बॉल लांबून आला का, डिफेंडरला नीट दिसत होता का, वेग किती, अंग सावरायला वेळ होता का, बॉल जमिनीवर होता की हवेत, हे बघा. बॉलवर त्याचा ताबा येण्याची खरी शक्यता असेल तरच ते मुद्दाम खेळणं. नाहीतर ती नुसती ठोकर, ऑफसाइड कायम. मला हा खुलासा फार आवडतो, कारण त्यानं निर्णय पुन्हा मैदान कळणाऱ्या माणसाच्या हातात दिला.

हे सगळं सांगितलं की मित्र म्हणतात, आता मशीन आलंय, तुमची गरज काय? 2022 च्या कतारच्या विश्वचषकात अर्धस्वयंचलित ऑफसाइड आला. छताखाली 12 कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू, सेकंदाला 50 वेळा टिपलेले. बॉलच्या आत सेन्सर, तो सेकंदाला 500 वेळा सांगणार की पाय कधी लागला. 22 नोव्हेंबरला अर्जेंटिनाचे सौदी अरेबियाविरुद्ध पहिल्या अर्ध्यात तीन गोल ऑफसाइडमध्ये गेले, आणि सौदीनं सामना 2-1 नं जिंकला. सौदीचे डिफेंडर मध्यरेषेजवळ छाती काढून उभे होते. मी तो सामना बघताना पूर्ण वेळ त्यांच्या रेषेकडेच बघत होतो, मेस्सीकडे लक्ष गेलं ते पेनल्टीला.

मशीन माझ्यापेक्षा चांगलं मोजतं, यात वाद नाही. पण क्वालिटीतल्या माणसाला एक प्रश्न पडणारच: याचा लीस्ट काउंट किती? सेकंदाला 50 चित्रं म्हणजे दोन चित्रांमध्ये दोन शतांश सेकंद. तेच दोन खेळाडू, तेच 14 मीटरचं गणित. दोन चित्रांमध्ये 28 सेंटीमीटरचा फरक पडतो. मधली जागा गणितानं भरता येते, बॉलच्या सेन्सरमुळे क्षण नेमका पकडता येतो, हे मान्य. तरी पडद्यावर खेळाडूच्या बुटाचं टोक रेषेपलीकडे दाखवून निकाल देतात, तेव्हा आमच्या शॉपमधला साधा ट्रेनीसुद्धा विचारेल की माप कितीच्या अचूकतेनं घेतलंय ते रिपोर्टवर लिहा. ते कुणी लिहीत नाही. आणि अडथळा झाला का, डिफेंडर मुद्दाम खेळला का, हे मशीन सांगतच नाही. तिथं अजूनही माणूसच पडद्यासमोर बसतो.

शिवाय शाळेच्या मैदानावर 12 कॅमेरे कोण लावणार? तिथं मी आहे, कोन आहेत, आणि पाठीमागे पालक आहेत. भारताकडून पुरुषांच्या विश्वचषकात 2002 साली शंकर कोमलीश्वरन सहायक पंच म्हणून गेले होते. आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाला ते नाव पाठ आहे.

आता आर्सेनलचे जुने प्रशिक्षक आर्सेन वेंगर म्हणतात, नियमच बदला. फॉरवर्डच्या अंगाचा कुठलाही गोल करता येणारा भाग डिफेंडरच्या बरोबरीला असेल तर तो ऑनसाइड धरा. आक्रमणाला बळ मिळेल, गोल वाढतील. वाढतीलही. 1925 मध्ये ऑनसाइड राहायला लागणारे प्रतिस्पर्धी तीनऐवजी दोन केले तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनचे गोल एका हंगामात 1,192 वरून 1,703 वर गेले होते. पण हा बदल काठावरच्या ऑफसाइडची कटकट संपवेल असं जे सांगतात, ते मला पटत नाही. आज मी फॉरवर्डचं पुढचं टोक डिफेंडरच्या गोलकडच्या टोकाशी लावून बघतो, उद्या त्याची मागे राहिलेली टाच लावून बघेन. पळत्या माणसाची टाच अर्धा वेळ हवेत असते. ती 10 मीटरवर असो की 40 वर, मी एक मीटर इकडेतिकडे उभा असलो तर तितकीच चुकीची दिसेल.